संकष्टीच्या दिवशीची साखर

माझ्या मावसबहिणीच्या मुलीने अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांसाठी लागोपाठ दोन वर्षं अर्ज केले. २०२३च्या उन्हाळ्यात चोवीस ठिकाणी केले, तेव्हा हाती आली एक मुलाखत आणि तिथलीच वेटलिस्ट. ती वेटलिस्ट शेवटपर्यंत हलली नाही. २०२४मध्ये तिने सतराच ठिकाणी अर्ज केले. चार मुलाखती झाल्या आणि दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. कॉलेजचे गुण तेच होते, एमकॅट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा स्कोअरही तोच. बदलली होती ती सेकंडरी अर्जांतली, म्हणजे प्रत्येक महाविद्यालय स्वतंत्रपणे मागवतं त्या दुसऱ्या अर्जांतली, छोटी उत्तरं.

अर्ज पाठवण्याची वेळही बदलली होती. पहिल्या वर्षी तिने प्रायमरी, म्हणजे पहिला सामाईक अर्ज जूनच्या अखेरीस पाठवला, दुसऱ्या वर्षी जूनच्या पहिल्याच आठवड्यात, आणि या प्रवेशांत तेवढ्या तीन आठवड्यांनी फरक पडतो. म्हणून सगळं श्रेय मी उत्तरांना देणार नाही. पण मी सहा वर्षं एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशसमितीसाठी अर्ज वाचले आहेत (तिने अर्ज केलेल्यांत ते नव्हतं), आणि तिची दोन्ही वर्षांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवली तर ती दोन वेगळ्या मुलींनी लिहिल्यासारखी वाटतात. तिच्या परवानगीनेच हे सगळं लिहिते आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

ज्यांच्या घरी नीटची तयारी चालू आहे त्यांना ही पद्धत विचित्र वाटेल. आपल्याकडे १८० प्रश्न, ७२० गुण आणि मग कटऑफ. तू कोण, डॉक्टर का व्हायचंय, हे कुणी विचारत नाही. इथे अमेरिकेत चार वर्षांची पदवी झाल्यावर वैद्यकीय शिक्षणाचा अर्ज करायचा. बहुतेक महाविद्यालयांसाठी तो अ‍ॅमकास नावाच्या एकाच व्यवस्थेतून जातो. त्यात ५,३०० अक्षरांचं पर्सनल स्टेटमेंट असतं आणि जास्तीत जास्त पंधरा अनुभवांची यादी असते. प्रत्येक अनुभवाला ७०० अक्षरं, आणि त्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या तिघांना आणखी १,३२५. अक्षरं मोजताना रिकाम्या जागाही धरतात. हा झाला प्रायमरी. जूनच्या अखेरीस तो महाविद्यालयांकडे जातो आणि मग प्रत्येक महाविद्यालय आपापला सेकंडरी अर्ज पाठवतं, वेगळ्या फीसह आणि आपल्या स्वतंत्र प्रश्नांसह. कुठे दोन प्रश्न, कुठे सात-आठ. कुठे हजार अक्षरांची मर्यादा, कुठे तीन हजारांची. दोन आठवड्यांत उत्तर पाठवावं असा अलिखित संकेत आहे. दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त मुलं अर्ज करतात आणि साधारण तेवीस हजारांना जागा मिळते. गुण चांगले असलेली मुलं जागांपेक्षा कितीतरी जास्त असतात. वाचणाऱ्याला त्यांच्यातून निवडायचं असतं, आणि निवडायला त्याच्या हाती असतात ती हीच उत्तरं.

पहिल्या वर्षी तिच्यावर सेकंडरीचा पूर आला तो ऑगस्टमध्ये. ती तेव्हा एका प्रयोगशाळेत पूर्णवेळ नोकरी करत होती. चोवीस महाविद्यालयं म्हणजे सत्तरेक उत्तरं. रात्री दहानंतर लिहायला बसायची, एकासाठी लिहिलेलं उत्तर दुसऱ्यासाठी कापायचं, तिसऱ्यासाठी ताणायचं. एका उत्तरात दुसऱ्याच महाविद्यालयाचं नाव राहून गेलं, आणि ते तिच्या लक्षात आलं अर्ज पाठवल्यावर चार दिवसांनी. तिने मला फायली पाठवल्या होत्या. मी वरवर पाहिल्या आणि "छान आहेत गं" असं लिहून मोकळी झाले. मुलगी दमलेली होती, तिचं मन मोडवेना. समितीत बसून ज्या उत्तरांना मी मधल्या ढिगात टाकलं असतं, त्यांना घरातलं माणूस म्हणून मी छान म्हटलं. ती माझी चूक होती, आणि तिला एक वर्ष मोजावं लागलं त्यात माझाही वाटा आहे असं मला आजही वाटतं.

काय होतं त्या उत्तरांत? बहुतेक महाविद्यालयांच्या प्रश्नांत चार-पाच प्रकार पुन्हा पुन्हा येतात. तुमची पार्श्वभूमी आणि ती आमच्या वर्गाला काय देईल. तुमच्यावर आलेली एखादी अडचण. आमचंच महाविद्यालय का. पदवीनंतरच्या वर्षात काय केलंत. आणि शेवटी, आणखी काही सांगायचंय का. पार्श्वभूमीच्या प्रश्नाला तिने लिहिलं होतं भरतनाट्यमचं अरंगेत्रम, घरचा गणपती, शाळेच्या डब्यातली पोळीभाजी, आणि आपण दोन संस्कृतींमधला पूल कशा आहोत हे. अडचणीच्या प्रश्नाला ऑरगॅनिक केमिस्ट्रीत पडलेला बी आणि पुढच्या सत्रात कष्टाने मिळवलेला ए. आमचंच का, याला त्या त्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरून उचललेली संशोधनाची केंद्रं, लहान गटांतलं शिक्षण, शहरातली विविधता.

यातलं खोटं काहीच नव्हतं, आणि वाईटही नव्हतं. पण एका संध्याकाळी वीस अर्ज वाचायला बसलं की तो पूल मला तीन-चार वेळा भेटायचा, कधी भारतीय, कधी कोरियन, कधी नायजेरियन. नाचाबद्दल वाचून मुलगी मेहनती आहे एवढं कळतं, आणि ते तिच्या गुणांवरून आधीच कळलेलं असतं. संकेतस्थळावरून उचललेल्या मजकुराला मी एक परीक्षा लावते. महाविद्यालयाचं नाव बदलून पाहायचं. वाक्य तसंच उभं राहिलं तर ते काढून टाकायचं. तिच्या आमचंच-का उत्तरांतलं जवळजवळ सगळं या परीक्षेत गळून पडलं असतं.

नकार आल्यावर काही महाविद्यालयं अर्जदाराशी बोलतात, काय कमी पडलं ते सांगतात. एकाने तिला वसंतात फोनवर वेळ दिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की गुणांबद्दल तक्रार नाही, पण सगळी उत्तरं वाचूनही ही मुलगी कशी आहे ते आम्हाला दिसलं नाही. त्या रविवारी ती माझ्याकडे आली. डोळे सुजलेले होते. मी चहा ठेवला आणि तिला म्हटलं, "अर्ज बाजूला ठेव. गेल्या तीन वर्षांत कुणाला तरी तुझ्यामुळे बरं वाटलं, असं काय झालं ते सांग."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबांची साखर उतरली होती, ते तुला आईने सांगितलंय ना?"

आईने सांगितलं होतं, पण अर्धंच. तिचे आजोबा, वडिलांचे वडील, तासगावचे निवृत्त शिक्षक. आजी गेल्यावर मुलाकडे न्यू जर्सीला आले. मधुमेह जुना. २०२१च्या हिवाळ्यात न्यूमोनिया होऊन ते आठवडाभर रुग्णालयात होते, आणि घरी सोडताना डॉक्टरांनी त्यांना ग्लिपिझाइड नावाची नवी गोळी सुरू केली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, खाल्लेलं असो वा नसो. घरी सोडताना सूचना समजावायला फोनवर दुभाषा घेतला होता. पण मराठीचा मिळेना, म्हणून हिंदीचा. आजोबांना हिंदी कळतं, बोलताना अडखळतात. ते प्रत्येक वाक्याला "हाँ जी" म्हणत गेले. गोळी सकाळी जेवणाआधी घ्या, हे त्यांना नीट कळलं. उपवास करता का, हे कुणी विचारलं नाही, आणि डॉक्टरांना उपवासाबद्दल आपण होऊन सांगायचं असतं हे त्यांच्या मनातही आलं नाही.

तीन आठवड्यांनी संकष्टी आली. तासगावच्या गणपतीचे ते भक्त. चाळीस वर्षं संकष्टी मोडलेली नाही. सकाळी त्यांनी गोळी घेतली आणि चंद्रोदयापर्यंत काही खायचं नाही म्हणून बसून राहिले. संध्याकाळी पाचच्या सुमारास ही कॉलेजातून आली तेव्हा ते घामाने भिजले होते आणि तिला तिच्या आत्याच्या नावाने हाक मारत होते. तिने बोटाला सुई टोचून साखर पाहिली. ५२. सत्तरच्या खाली गेली की उपाय करायचा आणि चोपन्नच्या खाली म्हणजे प्रकरण गंभीर, एवढं तिला माहीत होतं. तिने पाण्यात तीन चमचे साखर घातली. आजोबा तोंड फिरवू लागले. चंद्र उगवायचाय म्हणाले.

"मग तू काय केलंस?"

"मी म्हटलं, आजोबा, उपवासाला साखर चालते. मग प्यायले."

पंधरा मिनिटांनी ६१. पुन्हा तेवढीच साखर, आणखी पंधरा मिनिटांनी ८४. तोवर डॉक्टरांना फोन झाला होता.

पुढच्या भेटीला ती आजोबांबरोबर गेली तेव्हा भिंतीवरचं कालनिर्णय काढून सोबत घेतलं. संकष्टी, दोन एकादश्या, शिवाय श्रावणातले सोमवार. सगळे दिवस तिने लाल पेनाने गोल करून ठेवले होते. डॉक्टरांनी ते पान बराच वेळ पाहिलं आणि उपवासाच्या दिवशी गोळ्यांचं काय करायचं याची वेगळी सूचना लिहून दिली. (ती सूचना त्या एका रुग्णासाठी होती. मधुमेह असून उपवास करणाऱ्याने आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीही गोळी चुकवू नये किंवा घेऊ नये.) नंतर ती ज्या मोफत दवाखान्यात शनिवारी रक्तदाब घ्यायला जायची, तिथल्या परिचारिकेला तिने विचारलं, की येणाऱ्या प्रत्येकाला उपवासाबद्दल एक प्रश्न विचारला तर चालेल का. फॉर्म आधीच लांब आहे, असं उत्तर मिळालं. तेव्हा तिने रक्तदाब घेता घेता तोंडीच विचारायला सुरुवात केली. रमजानमध्ये दिवसभर टॅक्सी चालवणारे एक गृहस्थ तीच गोळी तशीच घेत होते. एक कॉप्टिक ख्रिस्ती बाई त्यांच्या मोठ्या उपवासात दुपारपर्यंत पाण्याखेरीज काही घेत नव्हत्या. काही महिन्यांनी तो प्रश्न फॉर्मवर छापून आला.

मी विचारलं, "अगं, हे सगळं अर्जात कुठे आहे?"

"दवाखान्याचं काम अ‍ॅक्टिव्हिटीजमध्ये आहे, मावशी. आजोबांचं नाही लिहिलं. ती घरची गोष्ट आहे ना."

समितीच्या खुर्चीतून अर्ज वाचताना मला दिसायचं ते हेच; बरेच अर्ज याच जागी अडायचे. मुलांना वाटतं, अर्जात लिहायचं ते अर्जासाठी केलेलं काम. खरं तर भावी डॉक्टर म्हणून ती कशी वागेल याचा पुरावा तिच्या घरच्या स्वयंपाकघरात होता, आणि तो ती खासगी म्हणून मागे ठेवत होती.

आता लिहायचं. आणि इथे गाडी पुन्हा घसरली. तिने लिहिलेला पहिला मसुदा घामाच्या थेंबांनी सुरू होत होता. अंधारलेली खोली, थरथरणारे हात, यंत्रावरचा आकडा, आणि शेवटी त्या दिवशी आपल्याला डॉक्टर व्हायचंय हे कळल्याची जाणीव. पंधराशे अक्षरांच्या मर्यादेत अकराशे अक्षरं त्या अर्ध्या तासावर गेली होती. कालनिर्णय एका वाक्यात, दवाखाना अर्ध्या वाक्यात. मी तिला सांगितलं की साखरपाणी घरातल्या कुणीही पाजलं असतं. कालनिर्णय घेऊन दवाखान्यात जाणं तुला सुचलं. वाचणाऱ्याला तीच मुलगी हवी आहे.

दुसऱ्या मसुद्यात प्रसंग तीन वाक्यांवर आला. मग कालनिर्णय, मग फॉर्मला मिळालेला नकार, मग तोंडी विचारणं, मग टॅक्सीवाले गृहस्थ. उत्तर एकदम उभं राहिलं. पण मला त्यात एक भोक दिसत होतं. "दुभाषा हिंदीचा घेतला, हे तुला कसं माहीत?"

ती म्हणाली, "मी तिथेच होते."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती. मी काही बोलले नाही."

इथे रुग्णाला त्याच्या भाषेतला योग्य दुभाषा मिळावा ही रुग्णालयाची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि तो मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. पण आजोबा अडखळताहेत हे दिसत होतं. मी म्हटलं, हे लिही. ती घाबरली. "मावशी, यात माझीच चूक दिसेल ना?" मी म्हटलं, दिसू दे. पुढे तू प्रत्येक रुग्णाला तो प्रश्न का विचारत सुटलीस, याचं खरं कारण तेच आहे. ते काढलं तर तुझी धडपड नुसता चांगुलपणा वाटते.

तिने लिहिलं. आणि मग तिने एक गोष्ट केली जी मी सुचवली नव्हती, सुचवायला हवी होती. आपण कुणाबद्दल लिहितो त्या माणसाची परवानगी घ्यावी म्हणून तिने तो मजकूर आजोबांना मराठीत सांगितला. आजोबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "तू गप्प नव्हतीस, बाळ. तू बोलायला लागली होतीस. मी तुला हाताने थांबवलं. डॉक्टरांचा वेळ कशाला घ्यायचा, म्हटलं."

ती हे विसरून गेली होती. किंवा तिच्या मनाने सगळा दोष स्वतःकडे घेतला होता. तिने मला रात्री फोन केला आणि विचारलं की आता काय लिहू, मी सुटले का? मी तिला काहीच सांगितलं नाही. दोन दिवसांनी आलेल्या मसुद्यात असं होतं (मूळ इंग्रजीचा अर्थ मराठीत देते): "आजोबांनी हात वर करून मला थांबवलं. डॉक्टरांना त्रास नको म्हणून. मी थांबले, आणि मला सुटल्यासारखं वाटलं, कारण दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती. आता मी दवाखान्यात रुग्णांच्या हातांकडे पाहते."

सहा वर्षांत मी बरेच अर्ज वाचले. शेवटच्या वाक्याशी मी थांबले असते आणि मुलाखतीच्या यादीत नाव घातलं असतं. त्यात मोठा शब्द एकही नाही. आपली अडचण विनयामागे लपवणारी एक पिढी, तिला ओळखणारी एक मुलगी, आणि आपण सोयीने गप्प बसतो याची तिला झालेली जाणीव. पार्श्वभूमीच्या प्रश्नाला पूल म्हणून जे सांगायचा तिने प्रयत्न केला होता, ते इथे आपोआप आलं होतं.

हे उत्तर मग सतरा ठिकाणी तसंच गेलं का? नाही, आणि ते फार महत्त्वाचं आहे. प्रसंग एक, पण प्रश्न वेगळा की उत्तराचा भार वेगळ्या जागी पडतो. अडचण विचारली असेल तर भार फॉर्मच्या नकारावर आणि त्यावर काढलेल्या वाटेवर. पार्श्वभूमी विचारली असेल तर भार आजोबांच्या हातावर. संघात काम केल्याचं विचारलं असेल तर परिचारिकेशी झालेल्या बोलण्यावर. जिथे अपयश विचारलं होतं तिथे तिने हा प्रसंग वापरलाच नाही, प्रयोगशाळेत तिच्या हातून वाया गेलेल्या नमुन्यांबद्दल लिहिलं. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा बी कायमचा बाहेर गेला. प्रश्न ओळ ओळ वाचून त्यात किती गोष्टी विचारल्यात त्या आधी मोजायच्या, हे तिने शिस्तीने केलं. "तुम्ही काय शिकलात आणि ते पुढे कसं वापराल" असं विचारलं असेल तर अर्धं उत्तर पुढच्याबद्दल हवं. अर्जदार तेवढं विसरतात.

पार्श्वभूमीच्या प्रश्नांबद्दल एक गोष्ट इथेच सांगते, कारण पालक ती मला नेहमी विचारतात. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्यात वंशाधारित प्रवेशधोरण रद्द केलं. पण वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने लिहिलं तर ते वाचायला बंदी नाही, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्याच निकालात म्हटलं. त्यानंतर बऱ्याच महाविद्यालयांनी हा प्रश्न नव्या शब्दांत मांडला. तुम्ही कोणत्या समाजातले यापेक्षा तुमच्या अनुभवातून काय घडलं, हा त्याचा रोख. मराठी असणं हे उत्तर होत नाही. मराठी असल्यामुळे कालनिर्णय भिंतीवर असणं आणि ते डॉक्टरांसमोर ठेवणं, हे होतं.

आता आनंदीबाईंबद्दल. फिलाडेल्फियातल्या तीन महाविद्यालयांसाठी तिने आमचंच-का या उत्तराची सुरुवात आनंदीबाई जोशींपासून केली होती. घरातल्या प्रत्येकाने तिला ते सुचवलं होतं. मी पहिल्या वर्षी वाचलं तेव्हा मलाही भरून आलं होतं. १८८६मध्ये फिलाडेल्फियातूनच डॉक्टर झालेली कल्याणची मुलगी, तिला आश्रय देणाऱ्या कार्पेंटरबाई न्यू जर्सीतल्या रोझेलच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. सगळं जुळून आलेलं. पण आनंदीबाई शिकल्या ते विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया, आणि त्याचा वारसा आज ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. बाकीच्या दोन महाविद्यालयांचा आनंदीबाईंशी काही संबंध नाही. आणि संबंध असता तरी त्या परिच्छेदातून दिसत होता आनंदीबाईंचा निर्धार. हिचा नाही. मी तिन्ही ठिकाणचा तो परिच्छेद काढायला लावला. तिला वाईट वाटलं, मलाही.

मात्र मी तिला आनंदीबाई वाचायला सांगितल्या, त्या कशा उत्तर देतात ते पाहायला. अमेरिकेला निघण्याआधी, १८८३मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. लोक विचारत होते ते सहा प्रश्न त्यांनी एकामागून एक घेतले. अमेरिकेला का जाता, इथे शिकता येत नाही का, एकट्या का जाता, परत आल्यावर जात वाळीत टाकील त्याचं काय, संकट आलं तर काय कराल, आणि कुणा बाईने न केलेलं तुम्ही का करता. प्रत्येक प्रश्न जसा विचारला तसा घेऊन त्यालाच उत्तर. त्याच वर्षी महाविद्यालयाला लिहिलेल्या पत्रातही त्या कामाच्या गोष्टीवर येतात: आमच्याकडच्या बायका मरण पत्करतात, पण पुरुष डॉक्टरकडून उपचार घेत नाहीत. अठरा वर्षांच्या त्या मुलीने आपण ज्यांच्यासाठी शिकणार त्या बायका वाचणाऱ्यापुढे उभ्या केल्या. आमच्या मुलीने ते वाचलं आणि आमचंच-का ही उत्तरं सगळी नव्याने लिहायला घेतली. प्रत्येक महाविद्यालयाच्या आसपास कोण लोक राहतात, त्यांच्यासाठी कुठला दवाखाना चालतो, विद्यार्थी तिथे पहिल्या वर्षापासून काम करतात का, आणि तिथे मी नक्की काय करीन, एवढंच. एका ठिकाणी दुभाष्यांच्या सेवेत विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देतात असं तिला कळलं. त्या उत्तरात ती एकच गोष्ट आहे. तिचा सर्वांत जास्त वेळ याच प्रश्नाच्या सतरा उत्तरांत गेला. पहिल्या वर्षाच्या चोवीसवरून सतरावर ती आली तीही यामुळेच. उरलेल्या सात ठिकाणी का जायचंय, याला तिच्याकडे खरं उत्तरच नव्हतं.

दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी विचारतात की गेल्या अर्जानंतर काय बदललं. इथे तिला आपण किती खचलो आणि सावरलो ते लिहायचं होतं. ते काढून तिने तारखांसह लिहिलं: दवाखान्यात तासांची वाढ, नव्या स्वयंसेवकांना शिकवणं, प्रयोगशाळेतली नवी जबाबदारी. कोरडं उत्तर, आणि तसंच हवं होतं. आणखी काही सांगायचंय का, हा ऐच्छिक प्रश्न तिने बऱ्याच ठिकाणी रिकामा सोडला. पालकांना ते धाडसाचं वाटतं. वाचणाऱ्याच्या बाजूने सांगते: आधी सांगितलेलंच पुन्हा वाचायला लावणाऱ्या अर्जदारापेक्षा थांबणारा अर्जदार बरा.

लिखाणाच्या कामासाठी तिने एक तक्ता केला होता. महाविद्यालय, प्रश्न, अक्षरमर्यादा, पाठवल्याची तारीख. बरीच महाविद्यालयं दरवर्षी जवळपास तेच प्रश्न ठेवतात, म्हणून मे आणि जूनमध्येच तिने मूळ पाच उत्तरं तयार ठेवली होती. जुलैमध्ये सेकंडरी आले की बहुतेक आठवड्याभरात परत गेले. पाठवण्याआधी प्रत्येक उत्तर मोठ्याने वाचायचं, आणि महाविद्यालयाचं नाव दुसऱ्या माणसाने तपासायचं. हे काम तिच्या धाकट्या भावाने केलं. एआयबद्दल विचाराल तर, सुचवण्या घ्यायला आणि शुद्धलेखन तपासायला अ‍ॅमकासची हरकत नाही. पण शेवटचा मजकूर आपला आणि आपल्या अनुभवाचा आहे असं अर्जदाराला लिहून द्यावं लागतं. तिने एकदा आपलं उत्तर त्यातून घासून घेतलं होतं. परत आलं तेव्हा आजोबांचा हात गेला होता आणि त्या जागी सहानुभूतीबद्दल एक गुळगुळीत वाक्य होतं. तिने जुनंच ठेवलं.

चार मुलाखतींपैकी तिघांनी तिला त्या उत्तराबद्दल विचारलं. एका ठिकाणी मुलाखत घेणारे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी विचारलं, आज तुमच्यासमोर एखाद्या रुग्णाने असाच हात वर केला तर? तिने सांगितलं की ती थांबेल, मग डॉक्टरांना दोन मिनिटं मागेल, आणि खुर्ची ओढून रुग्णाजवळ बसून विचारेल की काय सांगायचं राहिलं. डॉक्टर म्हणाले, आणि तो म्हणाला की काही नाही, जाऊ दे, तर? ती विचारात पडली. तिने सांगितलं की त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही; आजोबाही घरी मला अधूनमधून असंच म्हणतात, आणि प्रत्येक वेळी मी काहीतरी वेगळं करून पाहते. डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

ऑगस्ट २०२५पासून ती त्याच महाविद्यालयात शिकते आहे.